बोअरमध्ये सेन्सर सोडण्याआधी: बेळगाव भागात जमिनीखालच्या तापमानाचा उतार कसा काढायचा

उन्हाळ्यात बोअरचं पाणी गार लागतं आणि थंडीत तेच पाणी कोमट लागतं. पाण्याचं तापमान जवळपास तेच असतं, बदलते ती बाहेरची हवा. जमिनीखाली पंधरा-वीस मीटरवर ऋतूंचा परिणाम संपतो. त्याच्या खाली जसजसं खोल जावं तसतसा खडक गरम होत जातो. दर किलोमीटरला किती अंशांनी तो तापतो, त्या दराला तापमानाचा उतार किंवा सरळ ग्रेडियंट म्हणतात. जगभर खंडांवर हा दर साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस प्रति किलोमीटर सांगितला जातो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तो याहून कमी भरतो. असं का, हे तुम्हाला स्वतः मोजून समजू शकतं.

निपाणी, चिकोडी, अथणीपासून गोकाक, खानापूर, बैलहोंगलपर्यंत गावोगावी शेकडो फूट खोल बोअर आधीच मारून ठेवलेली आहेत. त्यामुळे नव्याने ड्रिलिंग करण्याचा खर्च नाही. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक, पाण्याच्या कामात असलेली मंडळी यांना थोड्या पैशांत हे काम जमण्यासारखं आहे. मात्र या कामात यंत्रापेक्षा बोअरची निवड महत्त्वाची. साधं यंत्र आणि चांगलं बोअर असलं तर उपयोगी आकडा मिळतो. महाग यंत्र चुकीच्या बोअरमध्ये सोडलं तर मिळतो तो फक्त दोन दशांश स्थळांपर्यंतचा गैरसमज.

पहिली पायरी: फेल गेलेलं बोअर शोधा

शेतकऱ्याला नकोसं झालेलं बोअर आपल्याला सगळ्यात जास्त हवं असतं. चालू बोअरमध्ये मोटर रोज पाणी ओढते. वरच्या भेगेतलं पाणी खाली उतरतं, खालचं वर येतं, आणि खडकाचं तापमान दाखवण्याऐवजी ते बोअर पाण्याच्या प्रवासाचं तापमान दाखवतं. शिवाय मोटर, पाइप आणि केबल आत असताना त्यांच्या शेजारून सेन्सर सोडला तर तो अडकणारच. म्हणून मोटर बसवलेल्या बोअरच्या वाटेला जाऊ नका.

हवं ते असं: निदान दीडशे मीटर, म्हणजे सुमारे पाचशे फूट खोल, आत पाणी उभं आहे पण उपसण्याइतकं नाही, कित्येक महिने मोटर लागलेली नाही, आणि तोंड बंद आहे. पाणी उभं असणं गरजेचं, कारण कोरड्या बोअरमधली हवा घुसळत राहते आणि तिचं तापमान खडकाशी नीट जुळत नाही. पाण्याच्या पातळीच्या वरची मोजणी म्हणूनच शेवटी सोडून द्यायची असते.

नुकतंच मारलेलं बोअरही टाळा. आपल्याकडे गाडी येऊन एका दिवसात, फार तर दोन दिवसांत बोअर मारून जाते. कॉम्प्रेसरची हवा आणि हॅमरचं घर्षण यांनी भोवतीचा खडक बिघडलेला असतो. त्याला मूळ तापमानावर यायला निदान महिना-दोन महिने द्या.

मालकाशी बोलताना आधी उद्देश सांगा. "काका, तुमच्या त्या फेल गेलेल्या बोअरात तापमान मोजायचंय, पाणी काढायचं नाही, आत काही टाकायचं नाही" एवढं म्हटलं की बहुतेक जण परवानगी देतात. हुक्केरी, गोकाक, रामदुर्गकडे जाताना कन्नड बोलणारा सोबती बरोबर असू द्या. पुढचे प्रश्न तपशिलाचे आहेत आणि अर्धवट समजून चालत नाहीत. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) किती फूट घातलं? पहिलं पाणी किती फुटाला लागलं, दुसरं किती फुटाला? मुरूम कुठे संपला, कातळ कुठे लागला, मध्ये कुठे लाल माती आली का? बोअरवर पैसे घातलेला माणूस हे आकडे सहसा विसरत नाही. गाडीवाल्याचं बिल जपून ठेवलेलं असेल तर त्यावर एकूण फूट आणि केसिंगचे फूट मिळतात. हे सगळं वहीत उतरवा आणि घरी आल्यावर मीटरमध्ये बदला: एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर.

आजूबाजूची चालू बोअरंही विचारात घ्या. पन्नास-शंभर मीटरवर मोटर चालू असेल तर भेगांमधून आपल्या बोअरातलं पाणी हलतं. शेतीचा थ्री-फेज पुरवठा ठरलेल्या वेळात येतो. ती वेळ विचारून घ्या आणि त्याच्या आधी, मोटरी बराच काळ बंद असताना मोजणी उरका.

सुरक्षेचं

२०१७ च्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यात उघड्या बोअरमध्ये पडून एक लहान मुलगी गेली. उघड्या बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सूचना दिल्या होत्या. झाकण काढल्यापासून परत घट्ट बसवेपर्यंत एक माणूस फक्त बोअरच्या तोंडाशी थांबेल, दुसरं काहीही करणार नाही, असा नियम ठेवा. एखादं बोअर उघडंच सापडलं तर मोजणी झाली नाही तरी चालेल, पण मालकाला सांगून त्यावर पत्रा वेल्ड करून घ्या.

दुसरी पायरी: खाली कोणता खडक आहे ते लिहा

बेळगाव परिसराचं हे वैशिष्ट्य आहे की तासा-दोन तासांच्या प्रवासात तीन वेगळ्या काळांतले खडक भेटतात. उत्तरेला आणि पश्चिमेला, निपाणी-चिकोडी-अथणी भागात, दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात घट्ट कातळ, सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि मधून मधून लाल गेरूसारखे थर असतात. खुद्द बेळगाव शहराच्या आसपास वर जांभा आहे. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडे कलादगी गटाचे खडक लागतात. घटप्रभा गोकाकला ज्या कड्यावरून उडी घेते तो याच गटाचा क्वार्टझाइट, म्हणजे वाळूच्या दगडापासून झालेला कठीण खडक. आणि कित्तूर, बैलहोंगलच्या बाजूला त्याहून कितीतरी जुने धारवाडचे शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) आणि नाइस (पट्टेदार, ग्रॅनाइटसारखा खडक).

नकाशा पाहून थांबू नका. बोअरच्या शेजारी हॅमरने उडवलेल्या चुऱ्याचा ढीग बरेचदा वर्षानुवर्षं पडून असतो. मूठभर चुरा धुऊन उन्हात बघा. काळसर, बारीक कणांचा तो बेसाल्ट. त्यात पांढरे-हिरवट खडे असले तर मांजऱ्या. काचेसारखी पांढरट वाळू असली तर क्वार्टझाइट. पांढरे-गुलाबी कण आणि चमकता अभ्रक असला तर नाइस. पिशवीत भरून वर गावाचं नाव आणि तारीख घाला. शेवटच्या हिशेबात या पिशवीची किंमत सेन्सरइतकीच आहे.

तिसरी पायरी: साधन

किलोमीटरला १५ अंश असा उतार असेल तर दहा मीटरला फक्त ०.१५ अंश बदलतो. म्हणजे अंशाचा शंभरावा भाग नाही तरी निदान चाळिसावा भाग कळायला हवा. तापाचा थर्मामीटर किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही.

स्वस्तात जमणारं साधन म्हणजे १० किलोओहमचा थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो, आणि आपल्या कामाच्या २५ ते ३० अंशांच्या टापूत एका अंशाला जवळपास ४०० ओहमचा फरक पडतो. साडेतीन अंकी साधा मल्टिमीटर २० किलोओहमच्या रेंजवर १० ओहमच्या टप्प्याने दाखवतो, म्हणजे सुमारे ०.०२५ अंश. साडेचार अंकी मीटर मिळाला तर काम आणखी बारीक होतं. थर्मिस्टर तांब्याच्या छोट्या नळीत घालून दोन्ही टोकं अ‍ॅराल्डाइटने बंद करा. दीड-दोनशे मीटर पाण्याखाली दाब मोठा असतो, इथे घाई केली तर पाणी आत शिरतं आणि आकडे हळूहळू सरकत जातात. नळीखाली अर्धा किलोचं पितळी किंवा लोखंडी वजन बांधा.

लांब केबलच्या रोधाची नवख्यांना फार काळजी वाटते. अडीचशे मीटर लांबीच्या, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या दोन तारांच्या केबलचा जाऊन-येऊन रोध १८ ओहमच्या आसपास भरतो, त्यामुळे तापमान सुमारे ०.०५ अंशाने कमी दिसतं. पण रिळावर असो की बोअरात, संपूर्ण केबल प्रत्येक वाचनात तितकीच असते. ही चूक सगळीकडे सारखी राहते आणि उतार काढताना वजा होऊन जाते. आपल्याला दोन खोलींमधला फरक हवा आहे. सेन्सरचं मूळ तापमान पाव अंशाने चुकलं तरी एक वेळ चालेल, दोन वाचनांमध्ये तो डळमळला तर मात्र चालणार नाही.

तरीही निघण्यापूर्वी तपासणी कराच. थर्मासमध्ये बर्फाचा बारीक चुरा आणि थोडं स्वच्छ पाणी घेऊन शून्य अंशाचं वाचन घ्या. मग २५, २८, ३१ अंशांच्या आसपासच्या पाण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून तक्ता बनवा. परत आल्यावर बर्फाचं वाचन पुन्हा घ्या. दोन्ही जुळली तर सेन्सर शाबूत आहे.

केबलवर दर पाच मीटरला टेपची खूण, दर पन्नासला वेगळा रंग. नायलॉनचा दोर ताणतो, म्हणून वजन त्यावर तोलू नका. केबलबरोबर बारीक स्टीलची तार सोडली तर बरं. केसिंगच्या धारदार काठावर केबल सोलली जाते, त्यासाठी तिकाटणं आणि कप्पी.

चौथी पायरी: खाली जाताना मोजा, वर येताना नाही

सेन्सर हलला की पाणी घुसळतं. खाली जाताना तो नेहमी न ढवळलेल्या पाण्यात शिरतो, वर येताना स्वतःच ढवळलेल्या पाण्यातून येतो. म्हणून सगळी वाचनं उतरतानाच घ्यायची.

केसिंग जमिनीच्या वर फूट-दोन फूट असतं, ते वजा करून खोली जमिनीपासून धरा. पाण्याची पातळी नोंदवा. त्यानंतर दर दहा मीटरला थांबा, चार-पाच मिनिटं जाऊ द्या, मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तीन वाचनं लिहा. सहा-साडेसहा इंच रुंद बोअरमध्ये पाणी स्वतःहूनही किंचित फिरत असतं, त्यामुळे शेवटचा अंक थोडा हलतो. सरासरी घ्या. वाचन एकाच दिशेने सरकत असेल तर सेन्सर अजून स्थिरावलेला नाही, थांबा. तळाशी पोहोचल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा वाचन घ्या. ते पहिल्याशी जुळायला हवं. तळातला गाळ लागला की तार सैल पडते, तिथून मीटरभर वर घेऊन मोजा.

पाचवी पायरी: आलेख, आणि त्यातला कोणता भाग टाकायचा

आलेख कागदावर खोली वरून खाली आणि तापमान आडवं मांडा. एक्सेलमध्ये रेघ ओढण्याआधी हा आलेख हातानेच काढा. ठिपका ठेवताना नजर त्या जागी थांबते आणि काय चुकतंय ते लगेच दिसतं.

सरावासाठी पट्टेदार नाइसमधल्या एका बोअरचे कल्पित आकडे घेऊ: ६० मीटरला २७.३२ अंश, ८० ला २७.५०, १०० ला २७.७४, १२० ला २८.०३, १४० ला २८.३३, १६० ला २८.६५, १८० ला २८.९४ आणि २०० ला २९.२५.

६० ते १०० मीटरमध्ये तापमान ०.४२ अंशाने वाढलं, म्हणजे किलोमीटरला १०.५ अंश. १२० ते २०० मध्ये १.२२ अंशाने वाढलं, म्हणजे किलोमीटरला सव्वापंधरा. खडक तोच, मग उतार दोन कसे? वरच्या थरांत अलीकडच्या काळाची नोंद मिसळलेली असते. वर्षाची ऊन-थंडी दहा मीटरवर मूळच्या चार टक्क्यांवर येते आणि पंधरा मीटरवर एक टक्क्याच्याही खाली जाते. पण जमिनीचं तापमान दशकानुदशकं हळूहळू वाढत गेलं, तर ती उष्णता शंभर वर्षांत सुमारे ११० मीटरपर्यंत झिरपते. वरचा भाग त्यामुळे असायला हवा त्यापेक्षा गरम दिसतो आणि उतार मंदावतो. झाडी तुटली, घरं आणि पत्र्याची शेड उभी राहिली, की हाच परिणाम होतो. उलट कोरडवाहू रान पाण्याखाली येऊन ऊस उभा राहिला तर बाष्पीभवनाने जमीन गार होते. कृष्णाकाठच्या बोअरमध्ये हे ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून शंभर-सव्वाशे मीटरच्या वरचे ठिपके रेघेत धरू नका. त्यांचा अभ्यास वेगळा आणि तोही करण्यासारखा आहे.

पाण्याच्या प्रवाहाची खूण ओळखायला शिकणं हा या सगळ्या कामातला सर्वांत कस लागणारा भाग. समजा पहिलं पाणी ७० मीटरला आणि दुसरं १५० मीटरला लागलं होतं. दोन्ही भेगांतला दाब वेगळा असेल तर मोटर नसतानाही एका भेगेतून पाणी येऊन दुसरीत जात राहतं. पाणी वरच्या भेगेतून खालच्या भेगेत जात असेल तर आलेखात ७० ते १५० मध्ये तापमान जवळजवळ एकसारखं दिसतं, रेघ उभी होते, आणि १५० च्या खाली एकदम उडी घेऊन ती पुन्हा तिरपी होते. अशा आलेखातून वरून खालपर्यंत एकच रेघ काढली तर येणारा आकडा निरर्थक असतो. शेवटच्या भेगेच्या खाली निदान चाळीस-पन्नास मीटर सरळ तिरपा भाग मिळाला तर तेवढाच वापरा. नाहीतर ते बोअर यादीतून काढा. मालकाला विचारून लिहिलेले ते पहिल्या-दुसऱ्या पाण्याचे फूट इथे कामाला येतात. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, पाऊस इतका मोठा की गार पाणी भेगांमधून खोल मुरतं आणि उतार आहे त्याहून कमी भासतो. घाटाच्या कड्याजवळची किंवा खोल घळीच्या काठची बोअरंही टाळा. चढउतार जमिनीखालच्या उष्णतेची वाट वाकवतात.

आपल्या उदाहरणात १२० ते २०० मीटरचे पाच ठिपके एका रेघेवर आहेत. तापमानात ०.०३ अंशाची चूक धरली तर ८० मीटरवर उतारात किलोमीटरला साधारण ०.४ अंशाची चूक येते. म्हणून उत्तर लिहायचं ते "१५.२५" असं न लिहिता "१५, अर्धा अंश इकडे-तिकडे" असं.

सहावी पायरी: उताराला खडकाशी जोडा

आता पिशवीतला चुरा काढा. वर येणारी उष्णता म्हणजे उतार गुणिले खडकाची उष्णतावाहकता, म्हणजे त्या खडकातून उष्णता किती सहज वाहते त्याचं माप. नाइसची वाहकता साधारण २.७ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली तर सव्वापंधरा गुणिले २.७, म्हणजे सुमारे ४१ मिलिवॅट प्रति चौरस मीटर. खंडांची सरासरी ६५ च्या आसपास सांगतात. धारवाडचं कवच फार जुनं, थंडावलेलं, आणि युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून त्यात निर्माण होणारी उष्णता कमी, म्हणून इथे असा कमी आकडा आला तर दचकू नये.

खरी गंमत पुढे आहे. खालून येणारी उष्णता सगळीकडे ४० मिलिवॅट धरा. चिकोडीच्या बेसाल्टची वाहकता १.७ च्या आसपास, तिथे उतार साडेतेवीस अंश येईल. बैलहोंगलच्या नाइसमध्ये पंधराच्या जरा खाली. गोकाकच्या क्वार्टझाइटची वाहकता पाच धरली तर फक्त आठ. तिन्ही ठिकाणी खालची आग तीच, पण ज्या खडकातून उष्णता सहज वाहते त्यात उतार कमी पुरतो. त्यामुळे चिकोडीत उतार जास्त दिसला म्हणून तिथली जमीन आतून अधिक तापलेली आहे असा निष्कर्ष काढू नका. दोन बोअरची तुलना करताना उष्णतेचा आकडा ताडायचा, नुसता उतार नाही.

बेसाल्टच्या भागात आणखी एक काळजी. घट्ट कातळ आणि मांजऱ्या यांची वाहकता वेगळी, त्यामुळे रेघ थराथराला किंचित मोडते. आणि बेसाल्टचा जाडपणा ठिकाणागणिक बदलतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या बोअरमध्ये तो ३३८ मीटरवर संपला, तर कोयनेच्या परिसरात एका बोअरमध्ये सुमारे ९३० मीटरपर्यंत होता. त्याखाली जुना ग्रॅनाइटी पाया लागला की वाहकता वाढते आणि उतार कमी होतो. निपाणीतल्या दोनशे मीटरच्या बोअरमधला उतार सरळ दोन किलोमीटरपर्यंत ताणला तर खालचं तापमान फुगवून सांगितलं जाईल.

आपल्या नाइसच्या उदाहरणात खडक तोच राहिला असं मानून एक किलोमीटरवर सुमारे ४१ अंश मिळतात. हा अंदाज ताडायला कर्नाटकातच कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. त्या तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि तिथला उतारही किलोमीटरला दहा-बारा अंशांच्या घरातला. वाफेवर वीज करायला दीडशे अंश हवेत असं धरलं तर आपल्या उदाहरणात आठ किलोमीटर खाली जावं लागेल. कोकणात तुरळ, राजवाडीला गरम पाण्याचे झरे आहेत, मग घाटमाथ्यावरही थोडं खणलं की गरम पाणी लागेल, असं अनेकांना मनापासून वाटतं. त्या झऱ्यांचं पाणी खोल भेगांत उतरून, तापून, वेगाने वर येतं. झऱ्याच्या तोंडाशी मोजलेल्या तापमानातून त्या प्रदेशाचा उतार काढता येत नाही.

एका बोअरचा आकडा मिळाल्यावर त्याच खडकात, चार-पाच किलोमीटरच्या परिसरात आणखी दोन बोअर शोधा. तिन्हींतून येणारी उष्णता एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत बसली तर आकड्यावर भिस्त ठेवता येते. एखादं फारच वेगळं आलं तर आधी त्या बोअरमधल्या पाण्यावर संशय घ्या, मग खडकाच्या नोंदीवर, आणि सगळ्यात शेवटी पृथ्वीवर. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पहिल्या बोअरमध्ये पुन्हा सेन्सर सोडा. १२० मीटरखालचे ठिपके जुन्या रेघेवर पडले नाहीत तर आत पाणी वाहतंय असं धरा आणि ते बोअर यादीतून काढा.